महिन्यांची नावे

कोकणात महिन्यांच्या दोन नामावळ्या एकाच वेळी चालतात. रत्नागिरीच्या बंदरांत सरकारी मासेमारीबंदी 1 जूनपासून लागते. दर्याला नारळ मात्र श्रावणी पौर्णिमेला वाहिला जातो.

चांद्र नावे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले: चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक, मघेवरून माघ. पाणिनीने या नामकरणासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे (4.2.21). नक्षत्रे 27 आणि महिने 12 असल्याने हा मेळ दरवर्षी नेमका बसत नाही. वैदिक वाङ्मयातली मधु-माधव, नभस्-नभस्य ही नावे ऋतूंच्या जोड्यांची आहेत.

संशोधन. या विषयातले दोन मोठे अभ्यासक रत्नागिरी जिल्ह्यातलेच. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (1896) या ग्रंथात मधु-माधवादी नावे आधीची आणि चैत्रादी नंतरची ठरवली. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ इ.स.पू. 3000च्या सुमारास नेला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये (1893) मार्गशीर्षाचे ‘आग्रहायण’ हे दुसरे नाव पुराव्यास घेतले. वर्षाचा आरंभ मृगशीर्षाशी जोडलेला होता, तेव्हा वसंतसंपात तिथे असला पाहिजे, म्हणजे इ.स.पू. 4000च्या आसपास. दोन्ही कालनिर्णयांबाबत मतभेद आहेत.

युरोपीय नावे. जुने रोमन वर्ष मार्चपासून मोजले जाई. म्हणून नावाने सातवा असलेला सप्टेंबर आज नववा आहे. पाचव्या महिन्याला इ.स.पू. 44मध्ये ज्युलियस सीझरचे, सहाव्याला इ.स.पू. 8मध्ये ऑगस्टसचे नाव मिळाले. मराठीने ही नावे इंग्रजीतून घेतली, गोव्याच्या कोकणीने पोर्तुगीजमधून. म्हणून तिथे जानेर, फेब्रेर. स्लाव्ह भाषांनी काही ठिकाणी ऋतूंची नावे राखली: ‘लिस्तोपाद’ म्हणजे पानगळ, क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर, पोलिशमध्ये नोव्हेंबर.

राष्ट्रीय दिनदर्शिका. 22 मार्च 1957पासून. महिने सौर, नावे चैत्रादीच. मार्गशीर्षाच्या जागी अग्रहायण.

अधिक मास. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातला तारा आरंभबिंदू मानते, प्रचलित पंचांगे चित्रेवरून मोजतात. आरंभबिंदूंतल्या सुमारे 4 अंशांच्या या फरकामुळे काही वर्षी अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. अशा वर्षी रत्नागिरीत टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसू शकतो, आणि दोन्ही घरांत गणपती बसतो त्या दिवशी आपापल्या पंचांगात भाद्रपद शुद्ध चतुर्थीच असते.