घड्याळी कुलुपावरील नक्षी

धन मालकाचे असले तरी त्यापायी मार खावा लागतो तो किल्ली सांभाळणाऱ्या नोकराला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन गावी जानेवारी १८७६ मध्ये हेच घडले. बुरखेधारी दरोडेखोर रात्री आधी शिरले ते बँकेचे रोखपाल जॉन व्हिटलसी यांच्या घरात. त्यांना मारहाण करून तिजोरीच्या कुलपाचे गुप्त आकडे वदवून घेतले आणि दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीची रोकड व रोखे पळविले.

यावरचा उपाय आधीच निघाला होता. रॉचेस्टरचे जेम्स सार्जंट यांनी १८७३ मध्ये घड्याळी कुलूप सिद्ध केले. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातील मॉरिसन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत ते बसविले गेले. दार लावण्यापूर्वी आतल्या घड्याळांना सकाळपर्यंतच्या तासांची चावी द्यायची. तेवढे तास सरेपर्यंत आकडे ठाऊक असणाऱ्यालाही दार उघडत नाही. एखादे घड्याळ बंद पडलेच तर अडचण नको, म्हणून एकाच पेटीत दोन-तीन घड्याळे ठेवीत. त्यांतले एक चालले तरी काम भागे.

हे यंत्र दाराच्या आतल्या अंगाला असते. दार लागले की अंधारात जाते. तरीही सार्जंट अँड ग्रीनलीफ, येल आदी कारखान्यांनी त्याच्या पेट्यांवर वेलबुट्टी कोरली, मुलामा चढविला, पुढे काच बसविली. आतल्या घड्याळांच्या पत्र्यांवर लाटांसारख्या रेघा उमटविल्या. हा खर्च कशासाठी? दिवसा दार उघडे असे, तेव्हा हे यंत्र बँकवाल्यांच्या डोळ्यांसमोर येई. उद्या सकाळी आपल्यालाच बाहेर ठेवू शकेल अशा यंत्रावर त्यांचा विश्वास बसायला हवा होता. माझ्या मते ती नक्षी म्हणजे त्या विश्वासासाठी केलेली विनवणी होती. विसाव्या शतकात घड्याळी कुलूप सरावाचे झाले आणि पेट्याही साध्या होत गेल्या.

या पेट्यांवर कारखान्याचे नाव ठळक दिसते. वेल कोरणाऱ्या कारागिराचे नाव सहसा सापडत नाही. मालकांनी हे कुलूप घेतले तेही नोकराच्या कळवळ्याने नव्हे, तर धनाच्या काळजीने. पण त्यामुळे रोखपालाला एक खरे उत्तर मिळाले. मध्यरात्री छातीवर पिस्तूल रोखले गेले, तरी तो सांगू शकत होता : “सकाळपर्यंत ते माझ्याही हातात नाही.” त्या कुलपाचे खरे मोल मला सोनेरी मुलाम्यापेक्षा या उत्तरात दिसते.