जागल्याचा माग आणि मोटारीचा नंबर

मंडळी, आजचा विषय वाहनचोरीचा. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना हे कोणी सांगितलं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण गाडी गेल्यावर ठाण्यात पहिला प्रश्न विचारतात तो आमच्याच शास्त्रातला असतो: ही गाडी तुमचीच, हे कशावरून?

मोटारी येण्याआधी चोरीला जायचे ते बैल. गावाची राखण जागल्याकडे. आपल्या खानदेशात हे काम बहुतेक भिल्लांचं. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर. त्यांनी तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाहीतर भरपाई द्यायची. एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. मात्र त्याआधीच, १८०३च्या सुमाराच्या लुटालुटीत आणि दुष्काळात, इथली गावं ओस पडली होती. जागल्यांचे हक्क बुडाले आणि राखणारेच लुटीकडे वळले. १८२५मध्ये इंग्रजांनी भिल्ल पलटण उभारून, धरणगावला तिचं ठाणं करून, त्याच लोकांना परत राखणीला लावलं. आपण मात्र त्यांची आठवण लुटारू म्हणूनच ठेवली, हे आम्हाला बरं वाटत नाही.

डांबरी सडकेवर रबरी चाकाचा माग उठत नाही. म्हणून गाडीलाच खूण लावावी लागली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३मध्ये पाटी सक्तीची केली, इंग्लंडात १९०४पासून नंबर आले, आपल्याकडे १९१४चा मोटार कायदा आला. पुढे १९३९चा, मग १९८८चा. आज जळगाव जिल्ह्याच्या गाडीवर एमएच १९ दिसतं, धुळ्याच्या गाडीवर एमएच १८.

पण पाटी म्हणजे गाडी नव्हे. मिलिंद राजा रथातून आला, तेव्हा नागसेन भिक्षूनं त्याला विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. रथ हे आपण दिलेलं नुसतं नाव, असं शेवटी निघालं. चोराला हे पोथी न वाचताच कळतं. पाटी बदलली, रंग बदलला, सुटे भाग वेगळे विकले, की रथ नाहीसा! म्हणून कायद्यानं नागसेनाचं ऐकलं नाही आणि चासीवर कोरलेल्या नंबराला गाडीचा आत्मा मानलं. तो नंबर घासणं हाच चोराच्या धंद्यातला अवघड भाग. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना आलेल्या सुरक्षा पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरनं कोरलेला आकडा असतो. ती एकदाच बसते, काढायला गेलात तर तुटते.

युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतली चिप ओळखली नाही तर इंजिन चालूच होत नाही. आपल्या स्टेशनाबाहेर दिवसभर उभी राहणारी मोटारसायकल या बाबतीत अजून गरीबच. तिला हँडल लॉक आणि वर एक साखळी, एवढाच आधार.

आता एक गोष्ट जरा लांबवतो, कारण इथंच माणसं फसतात. आपल्याकडे साध्या कागदावर सही करून गाडी विकतात आणि नाव बदलायचं राहून जातं. तशी गाडी चोरीला गेली किंवा तिनं कुणाला उडवलं, तर कायद्याच्या वहीत मालक जुनाच. नवरा गेल्यावर गाडी विकून टाकणाऱ्या बाईला दोन वर्षांनी कोर्टाचा कागद येतो, तेव्हा काय बोलावं तेच तिला सुचत नाही. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरायला अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

विम्याचंही तसंच. सक्तीचा विमा असतो तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी. चोरीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. चोरीचं संरक्षण वेगळं घेतलेलं असेल, तर आधी ठाणं गाठा आणि कंपनीलाही लगेच कळवा. फिर्याद वेळेत दिलेली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये सांगितलं आहे. तपास लागला नाही तर पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर मिळाला नाही. तो कागद आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवा.

आणि वेळ दवडू नका. भुसावळहून रावेर ओलांडलं की पुढं बऱ्हाणपूर, म्हणजे दुसरं राज्य. तिथं शिवेवर माग हातात घ्यायला जागल्या उभा नाही.