ऑटोमॅटिक गाडी नुसतीच रेस होते, पळत नाही? गिअर स्लिप होत असेल तर आधी हे वाचा

नांदेडहून लातूरला निघालेली दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी. लोहा, माळेगाव मागे पडलंय आणि बालाघाटाचा चढ लागलाय. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन गुरगुरतं, आरपीएमचा काटा वर पळतो, पण स्पीड साठच्या पुढे सरकत नाही. थोड्या वेळाने जळका वास येतो. याला म्हणतात गिअर स्लिप होणं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचण्याआधी मधेच घसरते आणि तिची नुसती उष्णता होते.

अशी गाडी गॅरेजला नेली की 'गिअरबॉक्स गेला' हे वाक्य कानावर पडतं आणि मालकाला घाम फुटतो. पण दरवेळी तसं नसतं. ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि प्रत्येकीचं घसरणं वेगळं असतं.

तुमच्या गाडीत कोणती?

मारुतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. ही एएमटी. मारुती तिला 'एजीएस' म्हणते. पुढे वॅगन-आर, ऑल्टो के१०, नॅनो अशा गाड्यांतही ती आली. गंमत म्हणजे एएमटीच्या आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे एएमटी स्लिप झाली की पहिला संशय क्लच प्लेटवर घ्यायचा. प्लेट झिजली असेल तर ती बदलता येते, त्यासाठी नवा गिअरबॉक्स लागत नाही. मात्र नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून त्याचं सेटिंग करून घ्यावं लागतं. काम द्यायच्या आधीच स्कॅनर आहे का, हे विचारा.

प्लेट झिजते कशाने? माळेगावच्या यात्रेत गाड्यांची रांग लागली की इंच-इंच पुढे सरकताना. किंवा चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवल्याने. ही सवय सोडली तरी क्लच बराच जास्त टिकतो.

जुनी आय-टेन किंवा २००९ ते २०१३ मधली होंडा सिटी ऑटोमॅटिक असेल, तर तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो. इथे सगळा खेळ तेलाच्या दाबाचा. ऑइल सील गळून तेल कमी झालं की दाब पडतो आणि आतल्या प्लेटा घसरतात. तेल बहुतेकदा लाल असतं. काळं पडून जळका वास मारत असेल तर आतल्या प्लेटा जळू लागल्यात असं समजा. तेल कसं तपासायचं हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं, कुठे इंजिन चालू ठेवून तर कुठे बंद करून. त्यासाठी गाडीचं मॅन्युअल पाहा. कमी झालेलं तेल लवकर लक्षात आलं तर गळती काढून आणि योग्य तेल भरून गाडी वाचू शकते. जळालेल्या प्लेटा मात्र नव्या तेलाने जिवंत होत नाहीत.

२०१४ नंतरच्या पेट्रोल सिटीत आणि २०१५ च्या जॅझमध्ये सीव्हीटी आहे, म्हणजे दोन पुल्या आणि स्टीलचा पट्टा. यात आरपीएम आधी चढणं आणि वेग मागून येणं थोड्याफार प्रमाणात नेहमीचंच. त्याला घाबरू नका. झटके बसत असतील आणि वेग वाढतच नसेल तर मात्र थांबा, कारण घसरणारा पट्टा पुल्यांवर ओरखडे पाडतो. सीव्हीटीत तिच्यासाठीचंच तेल लागतं, 'सगळं सारखंच असतं' असं म्हणून दुसरं ओतू देऊ नका.

पोलोसारख्या गाड्यांतल्या डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. तिथे माहितगार माणसाशिवाय कोणाला हात लावू देऊ नये, हे बरं.

रस्त्यातच झालं तर?

खरा घोटाळा इथे होतो. गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर लावा, खाली तेल ठिबकतंय का बघा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना तापलेला गिअरबॉक्स थंड व्हायला वेळ लागतो. थंड झाल्यावर गाडी ओढायला लागली तरी 'आता बरी झाली' असं समजून शंभर किलोमीटर रेटू नका.

आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेणं? मॅन्युअल गाडीत चालून जातं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीत इंजिन बंद असलं की सहसा आतला तेलाचा पंपही बंद असतो. चाकं फिरतात, आतले भाग फिरतात, पण त्यांना तेल मिळत नाही. क्लचचं किंवा गळतीचं छोटं काम अशा वीस-तीस किलोमीटरच्या ओढाताणीत मोठं होऊन बसतं. परवडणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांची ओढ बहुतेक पुढच्या चाकांना असते, म्हणून क्रेनने मागची चाकं उचलून पुढची रस्त्यावर घासत नेणंही तितकंच वाईट. सपाट ट्रेलर मागवा, नाहीतर पुढची चाकं उचलायला सांगा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर पॉलिसीवरचा नंबर आधी फिरवा. एएमटी असेल तर इग्निशन चालू करून गाडी न्यूट्रलला आणा. नाहीतर ती गिअरमध्येच अडकून बसते.

जुनी गाडी घेताय?

एमएच १२ किंवा १४ पासिंगची एएमटी घेताना फक्त किलोमीटर पाहू नका. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तीस हजार फिरलेल्या गाडीचा क्लच हायवेवर साठ हजार फिरलेल्या गाडीपेक्षा जास्त झिजलेला असू शकतो. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करा. डी आणि आरमध्ये टाकल्यावर ती किती वेळाने ओढ घेते ते बघा, मग चार माणसं बसवून एखाद्या चढावर न्या. एएमटीत गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते, ते चालतं. नुसता आवाज वाढून गाडी मागे राहत असेल, तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.