'तयार' या शब्दाचे पंख

"आवं, ह्यालाच द्रोण म्हणत्यात व्हय?"

कृष्णाकाठच्या एका गावात, शाळेच्या पटांगणावर उभ्या असलेल्या आजींनी विचारले. मे महिना संपत आला होता. पूर आला तर कोणी काय करायचे, याची रंगीत तालीम चालली होती. तालुक्याच्या पथकाने कॅमेऱ्याचा लहान ड्रोन आणला होता. बचत गटातल्या एक ताई आपला फवारणीचा मोठा ड्रोन टेम्पोत घालून घेऊन आल्या होत्या. "आजी, द्रोण नव्हे, ड्रोन," कोणीतरी दुरुस्त केले. "त्येच की, द्रोण," म्हणत आजी डोळ्यांवर हात धरून वर पाहत राहिल्या.

ती दुरुस्ती करायला नको होती असे मला तेव्हाही वाटले. परका शब्द दारात आला की भाषा आधी त्याच्यात ओळखीचा चेहरा शोधते. आजींचा द्रोण पंगतीतला, आमटीचा. संस्कृतात 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. त्यावरून द्रोण म्हणजे लाकडी पात्र. इंग्रजीतला 'ट्री' या 'द्रु'चाच दूरचा भाऊबंद. पुढे धान्याचे माप द्रोण झाले, पानांची वाटी द्रोण झाली, आणि पात्रातून जन्मले म्हणून कौरव-पांडवांचे गुरूही द्रोण झाले. ड्रोनचे या कुळाशी काही नाते नाही. तरीही आजींच्या उच्चाराने मला द्रोणागिरी आठवला. उरणजवळच्या द्रोणागिरीबद्दल सांगतात की हनुमंत पर्वत घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा तिथे पडला. संकटात सापडलेल्या माणसासाठी आकाशातून औषध यावे, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी करोनाच्या लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने गेल्या, तेव्हा रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटांची वाट नऊ-दहा मिनिटांत सरली. आणि हनुमंताच्या त्या कथेतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हनुमंताने अख्खा पर्वत उचलला, कारण नेमकी वनस्पती कोणती ते ओळखू येईना. कोणत्या वाडीला काय हवे आहे हे कळले नाही की आजही तसेच होते. जिथे पाण्याचे जार हवेत तिथे कपड्यांचे ढीग जाऊन पडतात. ड्रोनने काही वाहून नेले नाही, तो नुसता पाहून आला, तरी केवढे तरी ओझे वाचते.

ड्रोन हा शब्द मात्र मधमाश्यांच्या पोळ्यातला. जुन्या इंग्रजीत 'ड्रान' म्हणजे नर मधमाशी. तिच्या घोंगावण्याच्या आवाजावरूनच ते नाव पडले असावे. या नराला नांगी नसते, मध गोळा करणे त्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे इंग्रजीत आयतखाऊ माणसालाही ड्रोन म्हणत. हे नाव विमानाला लागले ते राणी माशीमुळे. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथ या विमानावरून रेडिओने चालणारे, बिनवैमानिकाचे विमान तयार केले. तोफखान्याला नेमबाजीचा सराव मिळावा म्हणून ते आकाशात सोडायचे. त्याचे नाव 'क्वीन बी'. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल विल्यम स्टँडली यांनी त्याचे प्रात्यक्षिक पाहिले आणि तसेच काम आपल्याकडे सुरू करवले. ते ज्यांच्याकडे आले त्या डेल्मर फार्नी यांनी राणीला मान देत आपल्या विमानाला 'ड्रोन' म्हटले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे हे यंत्र जन्मले ते दुसऱ्याच्या गोळ्या झेलण्यासाठी. आज ते पुरात अडकलेल्या माणसाला शोधत फिरते, हे त्याच्या नावात कुठेच लिहिलेले नव्हते.

किंवा होतेही. नर माशीचे डोळे विलक्षण मोठे असतात, माथ्यावर एकमेकांना भिडतात. उडत्या राणीला उघड्या आकाशात शोधायचे, एवढ्याचसाठी ते घडलेले असतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची आयडियाफोर्ज ही कंपनी आणि डीआरडीओ यांनी मिळून जो ड्रोन बनवला, त्याला नाव दिले 'नेत्र'. २०१३ च्या उत्तराखंडातल्या प्रलयात तो माणसे शोधायला वापरला गेला. नेत्र हा शब्द 'नी' या धातूचा, म्हणजे नेणे. नेता, नेतृत्व आणि नेत्र एकाच घरातले. डोळा म्हणजे जो आपल्याला पुढे नेतो तो. उड्डाणाच्या यंत्राला याहून नेमके नाव मला सुचत नाही.

घोंगावण्याचे मात्र काय करायचे? ढिगाऱ्याखालून कोणी हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून बचाव पथके मध्येच सगळी यंत्रे बंद करायला लावतात. माणसे श्वास रोखून उभी राहतात. त्या वेळी ज्या आवाजावरून नाव पडले तो आवाजच आड येतो, आणि ड्रोन खाली घ्यावा लागतो. हाच आवाज रात्री छातीत धडकी भरवतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या उठल्या, त्यांच्या मागोमाग अफवा. चोरट्यांच्या भीतीने लोकांनी जागून रात्री काढल्या. ज्या गावाने ड्रोन असा ओळखला, त्या गावाला महापुराच्या रात्री तो मदतीला आला आहे हे कसे कळावे? म्हणून आजींनी तो मे महिन्यात, उजेडी, शाळेच्या पटांगणावर पाहिला याला मी फार मोल देतो.

तालमीच्या फलकावर लिहिले होते 'आपत्कालीन सज्जता'. हिंदीत हेच 'आपातकालीन' झाले असते. एका कान्याचा आणि एका जोडाक्षराचा फरक, पण दोन्ही शब्दांची मुळे निरनिराळी आहेत. आपला 'आपत्काल' आला 'आपद्' या शब्दातून, आणि 'आपद्' आला 'पद्' या धातूतून. पद् म्हणजे जाणे. पद म्हणजे पाऊल. संपत्ती, विपत्ती, आपत्ती, उत्पत्ती, निष्पत्ती ही सगळी त्याचीच लेकरे, आणि हा लेख ज्याच्या मागे लागला आहे ती व्युत्पत्तीसुद्धा. हिंदीतला 'आपात' मात्र 'पत्' धातूचा. पत् म्हणजे पडणे, आणि त्याच धातूचा दुसरा अर्थ उडणे. पतन आणि पतंग सख्खे. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचे पान, मग लिहिलेला कागद. ग्रीक भाषेत याच मुळाचा 'प्तेरॉन' म्हणजे पंख झाला आणि हेलिकॉप्टरच्या शेवटी जाऊन बसला. त्या शब्दाचे खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्तेर', फिरता पंख. पण लोकांनी तो 'हेली' आणि 'कॉप्टर' असा मधोमध चुकीच्या जागी तोडला, आणि त्या तुटक्या शेपटातून क्वाडकॉप्टर निपजला.

आपत्ती आणि आपात हा केवळ कोशातला भेद नाही. कृष्णेचा पूर ही आपत्ती आहे: ती पाऊल टाकत येते. महाबळेश्वराकडे पाऊस लागतो, कोयनेतून पाणी सुटते, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी माणसे फुटाफुटाने पाण्याकडे बघत राहतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका. पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आले, कुठल्या घराच्या माडीवर अजून दिवा हलतो आहे, हे पाहायला वेळ असतो आणि ड्रोनला काम असते. दरड मात्र आपात आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तो चालत आला नव्हता. तिथे ड्रोनचा खरा उपयोग आदल्या वर्षी होता, उताराला गेलेली भेग वरून पाहून ठेवण्यात, आणि कोणते घर कुठे उभे आहे हे मोजून ठेवण्यात.

मोजून ठेवण्यावरून 'विमान' आठवते. 'मा' म्हणजे मोजणे. त्यातून मान, प्रमाण, परिमाण, आणि विमान. ऋग्वेदात विमान म्हणजे मोजत ओलांडणारा. देवाचे वाहन, मंदिराचा कळसाकडे चढत जाणारा भाग, हे अर्थ मागाहूनचे. आज गावठाणावरून ड्रोन एकमेकांवर चढणारी चित्रे घेत ओळीने जातो आणि त्यांचा नकाशा जुळवला जातो, तेव्हा तो शब्दशः विमान असतो. हे काम करणारी, २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना मालमत्तेच्या सनदेसाठी आहे. पण गाव मातीखाली गेले तर कुठे खणायचे, हे याच नकाशावरून सांगता येईल. हे नकाशे तहसीलच्या आपत्ती कक्षात छापून लावलेले असावेत, असे मला कळकळीने वाटते.

फलकावरची 'सज्जता' मूळची धनुष्याची. ज्या म्हणजे प्रत्यंचा. सज्य, सज्ज म्हणजे दोरी चढवलेले. धनुष्य कायम ताणून ठेवत नाहीत, दोरी चढवायला हात मात्र सरावलेले लागतात.

आणि आता 'तयार'. रोज शंभरदा तोंडात येणारा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबीतून. अरबीत 'तार' म्हणजे उडाला, 'ताइर' म्हणजे पक्षी, आणि 'तय्यार' म्हणजे उडणारा, चपळ. शिकारी ससाणे पाळणाऱ्यांच्या बोलीत, नवी पिसे पुरी फुटून उडण्याजोगा झालेला पक्षी तो तय्यार, असा त्याचा एक उलगडा देतात. तिथून तो 'सिद्ध' या अर्थावर आला. उर्दूत विमानाला आजही 'तय्यारा' म्हणतात. आपण हा पंख विसरलो, पण पुरता नाही. गवयाचा गळा तयार आहे असे म्हणतो तेव्हा त्याला बंदिशी पाठ आहेत एवढेच म्हणायचे नसते. तान सुटली की ती उडते, हे म्हणायचे असते. आणि ती तयारी मैफलीच्या दिवशी येत नाही.

ड्रोनचेही तसेच आहे. कपाटात ठेवलेला ड्रोन ही तयारी नव्हे. महिनोन्महिने तशीच पडलेली बॅटरी ऐन वेळी दगा देते. चांगली बॅटरीसुद्धा साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनला जेमतेम अर्धा तास उडवते, आणि जोराचा पाऊस, सोसाट्याचा वारा त्याला सोसत नाही. म्हणजे जेव्हा त्याची गरज तेव्हाच त्याची परीक्षा. उष्णता टिपणारा कॅमेरा अंधारात माणूस दाखवतो, पण पाण्याखालचा किंवा चिखलाखालचा दाखवत नाही. हे सगळे ज्याला हाताने, चुका करून माहीत झाले आहे असा माणूस गावात हवा. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरवले. योजनेचे नाव हिंदी, 'ड्रोन दीदी'. आपल्या गावात ती ताईच. रस्ते पाण्याखाली गेले की जिल्ह्याचे पथक पोचेपर्यंत गावात ड्रोन असेल तो तिचाच. औषधाच्या टाकीऐवजी तिथे दोरी किंवा गोळ्यांची पिशवी बांधता येईल का, हे आपत्ती आराखडा लिहिणाऱ्यांनी तिला विचारायला हवे.

त्या दिवशी पटांगणावर पथकप्रमुखांनी हात वर करून विचारले, "ताई, तयार?" ताईंनी पदर खोचला, रिमोटच्या पट्ट्यात मान घातली, पोरांना दोरीमागे सरकवले आणि ओरडून सांगितले, "तयार!" आजच्या अरबीत तय्यार म्हणजे वैमानिक.