औषध नियमनातील इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज व्यवस्थापन

औषधाची निर्मिती, चाचणी, परवाना आणि विक्री यांच्या नोंदी संगणकावर तयार करून त्या मंजूर करणे, जपणे व तपासणीसाठी सादर करणे, अशी ही पद्धती आहे. तिचा गाभा फेरफारनोंद, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, हा आहे. कागदी नोंदवहीत चुकीचा आकडा एका रेघेने खोडून शेजारी सही व तारीख घालतात. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. संगणकावरही तो पुसला जात नाही. बदल कोणी, केव्हा व का केला हे नोंदले जाते. ही शिस्त ढिली पडली, की औषधाच्या दर्जाचा पुरावाच उरत नाही. अमेरिकेने इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांचे नियम १९९७ मध्ये लागू केले.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०१५ मध्ये ‘सुगम’ ही ऑनलाइन अर्जप्रणाली आणली. महाराष्ट्रात विक्री परवाने अन्न व औषध प्रशासन देते. वाशीम जिल्ह्यातही, रिसोड किंवा मानोऱ्यातील दुकानदाराला औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषध विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते.