ऑफिसातली ॲक्सेस फाइल एकालाच उघडते, बाकीच्यांना नाही? हे तपासा

बऱ्याच छोट्या ऑफिसांत स्टॉक, पावत्या किंवा सभासदांची नोंद मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये असते. फाइल एका कॉम्प्युटरवर शेअर केलेली असते आणि चार-पाच जण तीच उघडतात. मग एक दिवस पहिल्याला फाइल उघडते आणि दुसऱ्याला 'फाइल वापरात आहे' असा मेसेज येतो. कधी उघडते, पण सेव्ह होत नाही. अशा वेळी घाईत शेअरिंगवाला कॉम्प्युटर रिस्टार्ट केला जातो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. एका ऑफिसात मी हे पाहिलंय. रिस्टार्टच्या वेळी दुसऱ्या टेबलावर एंट्री चालू होती. नंतर फाइल उघडलीच नाही, आणि शेवटचा बॅकअप महिन्याभरापूर्वीचा होता.

म्हणून आधी आत काय चालतं ते समजून घेऊ.

ॲक्सेस नेमकं कसं चालतं?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाला हात लावणारा एकच प्रोग्रॅम असतो, बाकीचे त्याला फक्त विनंती करतात. ॲक्सेसमध्ये असा मधला माणूस नाही. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरचं ॲक्सेस नेटवर्कवरून थेट फाइलमध्ये वाचतं आणि लिहितं.

एकमेकांच्या पायात पाय येऊ नये म्हणून पहिला माणूस फाइल उघडतो तेव्हा त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण '.एलएसीसीडीबी' एक्सटेन्शनची छोटी लॉक फाइल तयार होते. कोण आत आहे, कोणता भाग लॉक आहे याचा हिशोब तिच्या आधारे चालतो. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप डिलीट होते.

१. परवानगी फाइलला नाही, फोल्डरला हवी

सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच. लॉक फाइल बनवायची, बदलायची आणि पुसायची तर प्रत्येक युजरला त्या फोल्डरवर 'मॉडिफाय' परवानगी लागते. फक्त डेटाबेसच्या फाइलवर परवानगी देऊन भागत नाही.

विंडोजमध्ये हे दोन ठिकाणी पाहावं लागतं: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला 'शेअरिंग' टॅब आणि 'सिक्युरिटी' टॅब. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी परवानगी कमी असेल तीच मिळते. सिक्युरिटीमध्ये सगळं दिलं, पण शेअरिंगमध्ये 'रीड' राहिलं, तर फाइल फक्त वाचता येईल.

२. कोणी 'एक्सक्लुझिव्ह' उघडली आहे का?

प्रत्येक कॉम्प्युटरवर ॲक्सेसमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'क्लायंट सेटिंग्ज' असं जाऊन खाली 'डिफॉल्ट ओपन मोड' पाहा. तिथे 'शेअर्ड' हवं. एकाच्या मशीनवर जरी 'एक्सक्लुझिव्ह' असेल, तरी तो आत असेपर्यंत बाकीचे बाहेर. तिथेच 'रेकॉर्ड लॉकिंग'मध्ये 'ऑल रेकॉर्ड्स' निवडलेलं नाही ना, तेही बघा.

फॉर्म किंवा टेबलचं डिझाइन बदलायचं असेल तर ते सगळे बाहेर असतानाच करायचं.

३. आत कोण आहे ते शोधा

लॉक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर कॉम्प्युटरची नावं दिसतात. पण बाहेर पडलेल्याचं नावही तिथे राहू शकतं, त्यामुळे त्या यादीवरून कुणाला दोष देऊ नका. खात्रीचा मार्ग म्हणजे शेअरिंगवाल्या कॉम्प्युटरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्यात 'ओपन फाइल्स' पाहणं.

ज्याचं नाव दिसेल त्याला आधी ॲक्सेस नीट बंद करायला सांगा. तिथूनच 'क्लोज' करणं किंवा मशीन रिस्टार्ट करणं हा शेवटचा उपाय. मध्येच लिहिणं तुटलं तर फाइल खराब होऊ शकते.

४. कायमचा इलाज: डेटाबेसचे दोन भाग करा

वरचं सगळं करूनही एकच फाइल सगळे उघडत असतील तर त्रास परत येणार. त्यामुळे:

- सगळ्यांना बाहेर काढा आणि फाइलची कॉपी बाजूला ठेवा.
- 'डेटाबेस टूल्स' टॅबमधल्या 'मूव्ह डेटा' गटात 'ॲक्सेस डेटाबेस' बटण दाबा. फक्त टेबल्सची वेगळी फाइल तयार होईल. ती शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा.
- फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरी असलेली दुसरी फाइल प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर कॉपी करा.
- टेबल्सच्या फाइलचा पत्ता देताना ड्राइव्हचं अक्षर टाळा. एकाकडे तो 'झेड' असतो, दुसऱ्याकडे 'वाय'. सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. आधीच चुकला असेल तर 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून बदलता येतो.

यानंतर एकाचा फॉर्म बिघडला तरी बाकीच्यांचं काम थांबत नाही.

५. हे करू नका

- वाय-फायवरून एंट्री करू नका. सिग्नल क्षणभर गेला तरी लिहिणं अर्धवट राहतं. लॅनची केबल लावा.
- चालू डेटाबेस वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे पूर्ण फाइल सिंक होते, त्यामुळे दोघांच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात.
- बॅकअपशिवाय 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवू नका.

ॲक्सेस कधी सोडायचं?

एका वेळी २५५ युजर आणि २ जीबीची फाइल ही ॲक्सेसची कागदावरची मर्यादा. प्रत्यक्षात सतत एंट्री करणारे पंधरा-वीस जण झाले की वेग पडायला लागतो. शिवाय साध्या विंडोज १० किंवा ११ प्रोवर एका वेळी २० कनेक्शनचीच मुभा असते. तिथवर पोचलात तर टेबल्स मोफत मिळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये हलवा. फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवता येतात.

तोवर रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडले की लॉक फाइल गेली का ते पाहा आणि टेबल्सच्या फाइलची तारीख टाकून दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या. फाइल बिघडलीच, तर एका दिवसाच्या एंट्रीच पुन्हा कराव्या लागतील, महिन्याभराच्या नाहीत.