बंदिवानाची शुश्रूषा : कृपा आणि हक्क

मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह (१९२१–२४) अद्याप चालू असताना, येरवड्याचे बंदिवान महात्मा गांधी यांच्यावर १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ही सरकारची तत्परता होय. बंदिवानाचा हक्क नव्हे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने आजारी बंदिवानाची वर्दी तुरुंगाधिकाऱ्यास विनाविलंब देण्याचे कर्तव्य सांगितले. ते चुकल्यास दाद कोठे मागावी, याविषयी कलम मौन पाळते. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने ती वाट मोकळी केली. तळोजा कारागृहातील कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव सहा महिन्यांचा जामीन दिला. तेथूनच न्यायालयाच्या आदेशाने रुग्णालयात हलविलेल्या स्टॅन स्वामींचे जामिनासंबंधीचे अपील ५ जुलै २०२१ रोजी सुनावणीस निघाले, तेव्हा ते त्याच दुपारी निवर्तल्याचे न्यायालयास सांगण्यात आले.